चौतीस मिलिमीटरचा घसा

घरात पट्टी असेल तर तिच्यावर ३४ मिलिमीटर मोजून बघा. साडेतीन सेंटिमीटरलाही एक मिलिमीटर कमी. १९९५ साली जागतिक रॅली अजिंक्यपद स्पर्धेत धावणाऱ्या ‘ग्रुप ए’च्या प्रत्येक टर्बो गाडीला एवढ्याच भोकातून श्वास घ्यायची परवानगी होती. गाडी टोयोटाची असो, सुबारूची असो की मित्सुबिशीची, टर्बोच्या तोंडाशी ३४ मिलिमीटर व्यासाचं एक कडं बसवायचं आणि इंजिनला लागणारी सगळी हवा त्यातूनच न्यायची. त्या कड्याला म्हणतात रेस्ट्रिक्टर.

त्याच वर्षी टोयोटाच्या संघानं या कड्याच्या बाजूनं हवा जाईल अशी पाच मिलिमीटरची फट लपवली. ती सापडली, आणि त्या वेळचा एक सर्वात यशस्वी रॅली संघ स्पर्धेबाहेर गेला.

आपल्याकडे टर्बो पेट्रोल गाडी घेतली की सहा महिन्यांत कुणीतरी सुचवतं, ‘इनटेक बदल, गाडी मोकळी होईल.’ कंपनीचा काळा प्लास्टिकचा डबा काढायचा, चकचकीत पाइप आणि शंकूसारखा फिल्टर लावायचा. तो घ्यावा की नाही, घेतला तर कोणता, याचं उत्तर शोधताना मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो या ३४ मिलिमीटरच्या गोष्टीचा. इंजिनच्या हवेच्या वाटेवरची अरुंद जागा नक्की काय करते, हे तिच्याइतकं स्वच्छ कुठंच दिसत नाही.

हवा कमी पडते तेव्हा

इंजिन म्हणजे मुळात हवेचा पंप. पेट्रोल हवं तितकं टाकता येतं, पण ते जाळायला हवा लागते, आणि खरी टंचाई तिचीच. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा ग्रॅम हवा हवी. म्हणून ताकद वाढवायची तर सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबायची.

ती कोंबण्यासाठी धुराड्यातून वाया जाणाऱ्या गरम वायूंचाच उपयोग करावा, ही कल्पना स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांची. त्यांनी १९०५ साली तिचं पेटंट घेतलं. एक्झॉस्टचा वायू एक चक्र फिरवणार, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा ओढून दाबणार. कागदावर सोपं होतं, पण इतकी उष्णता सोसणारा धातू आणि इतक्या वेगाला टिकणारी बेअरिंग मिळायला वेळ लागला. ब्यूखींना डिझेल इंजिनांवर ठोस यश मिळालं ते १९२५मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी.

त्याआधी १९१८ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस यांनी एक झकास प्रयोग केला होता. त्यांनी विमानाचं लिबर्टी इंजिन ट्रकवर लादून कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक डोंगराच्या माथ्यावर नेलं. उंची १४,००० फुटांच्या वर. समुद्रसपाटीला ३५० हॉर्सपॉवर देणारं ते इंजिन वर विरळ हवेत २३० हॉर्सपॉवरवर आलं. टर्बो जोडल्यावर त्याच जागी त्यानं ३५६ हॉर्सपॉवर दिली. लेहच्या वाटेवर साधी गाडी दमते आणि टर्बोवाली त्या मानानं कमी दमते, त्याचं कारण या एका आकडेवारीत आहे.

रस्त्यावरच्या मोटारींत टर्बो आला १९६२ साली, जनरल मोटर्सच्या ओल्ड्समोबील जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेर या दोन मॉडेलांमध्ये. सत्तरच्या दशकात बीएमडब्ल्यू, पोर्शे आणि साब यांनी तो रुजवला. ऐंशीच्या दशकात तो रॅलीत फोफावला आणि मग त्याला आवरणं कठीण होऊन बसलं.

घसा का आवळला

१९८२पासून रॅलीत ‘ग्रुप बी’ नावाचा गट होता. नियम सैल होते. गाड्या हलक्या आणि टर्बोचा दाब जवळजवळ हवा तितका. १९८६पर्यंत त्या साडेचारशे-पाचशे हॉर्सपॉवरच्या घरात गेल्या. आणि त्या धावत होत्या अरुंद डोंगरी रस्त्यांवर, जिथं प्रेक्षक अक्षरशः रस्त्याच्या कडेला उभे असत.

१९८६च्या मार्चमध्ये पोर्तुगाल रॅलीत एक फोर्ड आरएस २०० गर्दीत घुसली. प्रेक्षक मेले, कित्येक जखमी झाले. दोन महिन्यांनी, २ मे रोजी, कॉर्सिका बेटावरच्या रॅलीत हेन्री टोइवोनेन आणि त्यांचे सहचालक सेर्जिओ क्रेस्तो यांची लँचिया डेल्टा एस४ वळणावरून खाली कोसळली आणि पेटली. दोघंही गेले. त्यानंतर लगेच ग्रुप बी बंद करायचा निर्णय झाला, आणि १९८७पासून ‘ग्रुप ए’च्या, म्हणजे शोरूममध्ये मिळणाऱ्या मॉडेलांवर आधारलेल्या गाड्यांवर अजिंक्यपद ठरू लागलं.

पण इंजिनिअर गप्प बसत नाहीत. त्या गाड्यांचीही ताकद चढू लागली. आता नियम करणाऱ्यांपुढं प्रश्न होता की ताकदीला लगाम घालायचा कसा. टर्बोचा दाब मोजायचा तर सेन्सर हवा, आणि सेन्सरला फसवता येतं. प्रत्येक गाडी यंत्रावर चढवून हॉर्सपॉवर मोजणं जंगलातल्या स्पर्धेत शक्य नाही. मग सोपा उपाय निघाला. हवा जिथून आत जाते तिथंच एक ठरलेल्या मापाचं भोक ठेवायचं. ते तपासायला गेज पुरे. १९९०मध्ये ते ४० मिलिमीटर होतं, १९९२मध्ये ३८ झालं आणि १९९५मध्ये ३४.

ऐकायला ३८ आणि ३४ यांत फारसा फरक वाटत नाही. पण हवा क्षेत्रफळातून जाते आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानं बदलतं. ३४चा वर्ग १,१५६ आणि ३८चा १,४४४. म्हणजे एका वर्षात घसा वीस टक्क्यांनी आवळला गेला.

दरवाजा आणि गर्दी

आता कुणी म्हणेल, भोक लहान असलं म्हणून काय झालं, टर्बोनं जास्त जोरात ओढावं. पुढची गंमत इथंच आहे.

संध्याकाळी सहाची दादरची लोकल आठवा. फलाटावर कितीही गर्दी असो, दरवाजातून एका सेकंदाला ठरावीकच माणसं आत जातात. समजा आतला डबा अगदी रिकामा केला. तरी दरवाजा तेवढाच असल्यामुळं आत जाण्याचा वेग एका मर्यादेपलीकडं वाढत नाही.

हवेचं तसंच होतं, फक्त कारण वेगळं आहे. टर्बोनं ओढ वाढवली की त्या ओढीची ‘बातमी’ हवेतून उलट्या दिशेनं, बाहेरच्या हवेपर्यंत पोचायला हवी, म्हणजे जास्त हवा धावून येईल. ही बातमी ध्वनीच्या वेगानं जाते. पण कड्याच्या सर्वात अरुंद जागी हवाच ध्वनीच्या वेगानं आत येऊ लागली, तर बातमी उलट जाऊच शकत नाही. मग पलीकडं कितीही ओढा, अलीकडच्या हवेला पत्ता नसतो. प्रवाह तिथं कायमचा अडतो.

हिशोब सोपा आहे, हातानं करता येतो. ३४ मिलिमीटरच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे ९०८ चौरस मिलिमीटर. समुद्रसपाटीच्या हवेत, ध्वनीच्या वेगाला, त्यातून सेकंदाला जास्तीत जास्त २१० ग्रॅमच्या आसपास हवा जाते. पूर्ण जोरात पळणारं टर्बो इंजिन जरा ‘श्रीमंत’ मिश्रण जाळतं, साडेबारा भाग हवेला एक भाग पेट्रोल. म्हणजे सेकंदाला सतरा ग्रॅम पेट्रोल, तासाला साठ किलोच्या आसपास. एक किलोवॉट तासभर मिळवायला २७० ग्रॅम पेट्रोल लागतं असं धरा. उत्तर येतं सुमारे २२४ किलोवॉट, म्हणजेच ३०० हॉर्सपॉवर. त्या काळातल्या रॅली गाड्यांची ताकद तीनशेच्या आसपास सांगितली जायची, ती उगाच नव्हे. नियमाच्या पुस्तकात हॉर्सपॉवरचा आकडा लिहायची गरजच उरली नव्हती, कारण तो भोकाच्या मापात आला होता.

प्रामाणिक इंजिनिअरांनी यातूनही वाट काढली. हवेचा एकूण पुरवठा अडला, म्हणजे वरच्या आरपीएमला ताकद मिळणार नाही. पण खालच्या आरपीएमला इंजिन मुळातच कमी हवा ओढतं, तिथं भोक आड येत नाही. मग त्यांनी टर्बोचा दाब खालीच भरपूर ठेवला. कोपऱ्यातून बाहेर पडताना लागणारा टॉर्क तिथंच मिळतो. शिखर बोथट झालं तरी गाड्या वेगवान राहिल्या.

कातालुन्या, ऑक्टोबर १९९५

टोयोटाचा रॅली संघ जर्मनीतल्या कोलोनमधून चालायचा. गाडी होती सेलिका जीटी-फोरचं नवं मॉडेल, एसटी २०५. आधीच्या सेलिकानं १९९३ आणि १९९४ अशी दोन्ही वर्षं चालकांचं आणि उत्पादकांचं अजिंक्यपद जिंकलं होतं. १९९५च्या मोसमात युहा कांकुनेन, दिदिए ओरिओल आणि आर्मिन श्वार्त्झ हे त्यांचे मुख्य चालक होते, आणि कांकुनेन अजिंक्यपदाच्या शर्यतीत पुढं होते.

ऑक्टोबरमध्ये स्पेनच्या कातालुन्या रॅलीत तपासनीसांनी सेलिकाच्या टर्बोचं तोंड उघडलं. कडं नियमाप्रमाणे होतं. माप बरोबर, ३४. गेज घालून पाहिलं तरी ३४. सील जागच्या जागी.

गोम होती ती कडं बसवलेल्या पद्धतीत. कड्याला टर्बोशी घट्ट दाबून धरणाऱ्या स्प्रिंग आत लपवल्या होत्या. गाडी तयार करताना हवेचा पाइप चढवून त्याचा क्लॅम्प एका खास हत्यारानं आवळला की कडं स्प्रिंगच्या जोराविरुद्ध जवळपास पाच मिलिमीटर पुढं सरकायचं. मागं फट पडायची आणि तिच्यातून ३४ मिलिमीटरचा रस्ता टाळून हवा थेट टर्बोत शिरायची. तपासायला कुणी आलं तर पाइप काढावा लागणार. पाइप काढायचा तर क्लॅम्प सैल करावा लागणार. आणि क्लॅम्प सैल झाला की स्प्रिंग कड्याला परत जागेवर बसवणार. फट गायब.

म्हणजे ही वस्तू उघडून पाहिली की कायदेशीर असायची, आणि बंद असताना बेकायदेशीर.

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्याला हे वाचून एकदम ओळखीचं वाटतं. टेस्ट चालू आहे हे कळताच शहाण्यासारखा वागणारा आणि प्रत्यक्षात दुसरंच करणारा कोड. फरक एवढाच की इथं तो लेथवर कापलेल्या धातूत लिहिला होता. आतले भाग हवेला अडथळा होऊ नये म्हणून घासून गुळगुळीत केले होते. हे कुणा मेकॅनिकचं घाईतलं जुगाड नव्हतं. बसून, रेखाटून, वेळ देऊन केलेलं काम होतं.

या फटीतून सुमारे २५ टक्के जास्त हवा जात असावी, असा अंदाज तेव्हा मांडला गेला. तो खरा मानला तर एक मजेदार गोष्ट निघते. ९०८ चौरस मिलिमीटरमध्ये पंचवीस टक्के मिळवले की होतात १,१३५. आणि ३८ मिलिमीटरच्या, म्हणजे आदल्या वर्षीच्या भोकाचं क्षेत्रफळ आहे १,१३४. टोयोटाची गाडी गुपचूप १९९४च्या नियमानं धावत होती आणि बाकीचे १९९५च्या.

एफआयए या नियामक संस्थेचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांनी निर्णय जाहीर करताना, इतकी चतुर आणि सफाईदार युक्ती आपण आणि आपल्या तज्ज्ञांनी कित्येक दिवसांत पाहिली नव्हती, असं बोलून दाखवलं. त्यात संताप होता आणि थोडी दादही होती. शिक्षा मात्र कडक झाली. टोयोटाचे आणि तिच्या चालकांचे त्या मोसमातले सगळे गुण गेले आणि संघावर बारा महिन्यांची बंदी आली. कांकुनेन शर्यतीतून बाद झाले. अजिंक्यपदाचा निकाल सुबारूच्या दोन चालकांमध्ये, कार्लोस साइन्झ आणि कॉलिन मॅक्रे यांच्यात, मोसमाच्या शेवटच्या रॅलीत लागला. मॅक्रे जिंकले, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी.

टोयोटा कोरोलाची नवी गाडी घेऊन १९९७मध्ये फिनलंडच्या रॅलीत परतली आणि १९९९मध्ये तिनं उत्पादकांचं अजिंक्यपद पुन्हा मिळवलं, या वेळी सगळ्यांसारखंच ३४ मिलिमीटरमधून श्वास घेत.

आता आपलं बॉनेट उघडू

रस्त्यावरच्या गाडीत रेस्ट्रिक्टर नसतो. पण हवेच्या वाटेवर अरुंद जागा असतेच, आणि इनटेक बदलण्याआधी विचारायचा प्रश्न तोच, की अरुंद जागा नक्की कुठं आहे? फिल्टरचा डबा, त्याचा पाइप, टर्बोचं चक्र, इंटरकूलर, थ्रॉटल, एक्झॉस्ट, यांपैकी कुठंही असू शकते. बहुतेक आधुनिक टर्बो गाड्यांत तर खरी मर्यादा ईसीयूच्या सॉफ्टवेअरमध्ये असते. कंपनीनं ठरवलेल्या दाबाला ईसीयू टर्बोला थांबवतो, मग फिल्टर कोणताही असो.

आकड्यांत बघू. बाहेरच्या हवेचा दाब १,०१३ मिलिबार. समजा कंपनीचा फिल्टर आणि पाइप मिळून पूर्ण जोरात ३० मिलिबार खातात. टर्बोला ही हवा २,००० मिलिबारपर्यंत दाबायची आहे. त्यासाठी तिला २.०३ पट दाबावं लागेल. अडथळा अगदी शून्य केला तर १.९७ पट. तीन टक्क्यांचा फरक. टर्बोचं काम तेवढं हलकं होईल, तो किंचित लवकर जागा होईल. पण ईसीयू दोन्ही वेळा २,०००वरच थांबवणार असेल तर इंजिनला मिळणारी हवा जवळजवळ तेवढीच.

आता उलट बाजू. तो चकचकीत शंकू बॉनेटच्या आत उघडा लावला तर तो इंजिनची गरम हवा ओढतो. बाहेर २५ अंश आणि बॉनेटखाली ५५ अंश असेल तर हवा नऊ टक्क्यांनी विरळ होते. इंटरकूलर यातलं बरंचसं भरून काढतो, गाडी वेगात असताना बॉनेटखाली वारंही खेळतं. पण ट्रॅफिकमध्ये, मे महिन्यात, हा सौदा तोट्याचा ठरतो. म्हणून घ्यायचाच असेल तर बंद डब्याचा आणि ग्रिलमधून थंड हवा घेणारा घ्यावा. कंपनीचा तो कुरूप काळा डबा नेमकं हेच काम करत असतो.

तिसरी गोष्ट मोजमापाची. बऱ्याच गाड्यांत फिल्टरनंतर लगेच हवा मोजणारा सेन्सर असतो. तो पाइपातल्या एका ठिकाणचा प्रवाह पाहतो आणि पाइपाचा व्यास ठाऊक आहे असं धरून एकूण हवा काढतो. ७० मिलिमीटरच्या जागी ७६चा पाइप लावला की क्षेत्रफळ अठरा टक्क्यांनी वाढतं. सेन्सरला ते माहीत नसतं, त्यामुळं तो सुमारे पंधरा टक्के हवा कमी सांगतो. ईसीयू पेट्रोल कमी टाकतो. हळू चालवताना ऑक्सिजन सेन्सर ही चूक सावरून घेतो, पण पूर्ण जोरात पिस्टनला ती महागात पडू शकते. सेन्सरसमोर हवा भोवरे घेत आली तरी आकडा डळमळतो. कापडी फिल्टरला धुतल्यावर तेल जास्त लावलं तर तेच तेल उडून सेन्सरच्या तारेवर बसतं.

सेन्सरपुढच्या भोवऱ्यांचं महत्त्व जगाला कळलं ते आणखी एका फसवणुकीतून. सप्टेंबर २०१५मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचं प्रकरण बाहेर आलं. प्रदूषणाची चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरतं सभ्य वागणारं सॉफ्टवेअर, जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत. टोयोटाच्या स्प्रिंगचा हा वीस वर्षांनी आलेला वंशज. भारतात पुण्याच्या एआरएआय संस्थेनं केलेल्या चाचण्यांनंतर कंपनीनं इथल्या ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीला बोलावल्या. आणि युरोपात १.६ लिटरच्या इंजिनावर जी दुरुस्ती केली, तिच्यात नव्या सॉफ्टवेअरबरोबर प्लास्टिकची एक जाळीदार नळी होती. ती हवेच्या सेन्सरच्या अगोदर बसवायची, म्हणजे हवा शांत होऊन येईल आणि मोजमाप नीट होईल. इतक्या मोठ्या घोटाळ्याच्या दुरुस्तीत सगळ्यात साधा भाग इनटेकचा होता.

राहिली धूळ. बारीक वाळू टर्बोच्या चक्राच्या कडा आणि सिलिंडरच्या भिंती दोन्ही खाते, आणि आपल्या रस्त्यांवर ती भरपूर आहे. फिल्टर धूळ किती अडवतो हे तपासण्याची ‘आयएसओ ५०११’ नावाची प्रमाणित चाचणी आहे. विकणाऱ्याकडं तिचा निकाल मागा. हॉर्सपॉवरचा आकडा मोठ्या अक्षरांत आणि धुळीचा आकडा कुठंच नाही, अशी पेटी दिसली तर दुकानातच ठेवून या.

आणि तरी बसवलाच, तर मोजा. ओबीडी पोर्टला लावायचं साधं यंत्र आणि फोनवरचं अ‍ॅप पुरेल. तोच रस्ता, तोच गिअर, शक्यतो तेवढंच तापमान. आधी आणि नंतर, इनटेकच्या हवेचं तापमान, टर्बोचा दाब आणि सेन्सर असेल तर हवेचा आकडा लिहून ठेवा. एकदा नाही, तीन-चार वेळा. टर्बोचा तो ‘फुस्स’ आवाज नव्या इनटेकनं नक्कीच मोठा होतो आणि तो छानही वाटतो. पैसे त्या आवाजासाठी देत असाल तर खुशाल द्या. वहीतल्या आकड्यांशी मात्र त्याची गल्लत करू नका. आणि आकडे घेताना बॉनेट बंद असू द्या, सगळे क्लॅम्प आवळलेले असू द्या. कातालुन्यातल्या त्या कड्याचं खरं रूप तेव्हाच दिसलं असतं.